स्मृतिचित्रें : ख्रिस्ती संसाराचें एक साधन

कै. लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथाची वाखाणणी आजवर पुष्कळांनीं केली आहे. भाषा किती साधी, विनोद किती निर्मळ, पतीचें चित्र किती जिवंत, हें सांगून झालें कीं टीकाकार बहुधा लेखणी खालीं ठेवितात. आपल्या त्रैमासिकाचा वाचक निराळा. तो सनदा, महजर व यादी चाळणारा, शाईच्या रंगावरून व कागदाच्या पोतावरून लेखाचें वय ताडणारा. अशा वाचकापुढें हा ग्रंथ वाङ्मय म्हणून नव्हे, तर साधन म्हणून ठेवावा असें पुष्कळ दिवस मनांत होतें. 'साधन' हा शब्द इतिहासाचार्य राजवाडे ज्या अर्थानें योजीत त्याच अर्थानें येथें घ्यावा. प्रश्न असा कीं, ख्रिस्ती झालेल्या मराठी कुटुंबाला आपल्या रोजच्या संसारांत सुख कोठें सांपडलें, त्या संसाराला अर्थ कशानें आला, हें उद्यांच्या इतिहासकारास कोणत्या कागदावरून कळावें? माझ्या मतें त्यास या एका ग्रंथाइतका विश्वसनीय आधार दुसरा नाहीं. आणि आधार एकच असावा ही स्थिति कांहीं भूषणावह नव्हे. ती येण्यास जे कारण झाले त्यांत प्रस्तुत लेखकही आहे. तें पुढें येईलच.

ग्रंथाची जन्मकथाच संशोधकानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 सालच्या मे महिन्याच्या 9 तारखेस मुंबईस निवर्तले. त्यांचें चरित्र लिहावें असें चिरंजीव देवदत्त यांच्या मनांत होतें, व त्यासाठीं आईनें आपल्या आठवणी लिहून द्याव्या असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे बाईंचें लिखाण हा मुळांत दुसऱ्याच्या ग्रंथासाठीं जमविलेला मालमसाला. शाळेचें तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरें शिकलेल्या बाईकडून ग्रंथाची अपेक्षा कोण करणार? परंतु आठवणी 'संजीवनी' पत्रांतून येऊं लागल्या, 1934 सालीं पहिला भाग पुस्तकरूपानें निघाला, आणि वाचकांनीं तो उचलून धरिला. 24 फेब्रुवारी 1936 रोजीं बाई वारल्या; अखेरचा भाग त्यांच्या पश्चात् देवदत्तांनीं पुरा केला. चरित्रासाठीं मागविलेलें टिपण चरित्रावर मात करून राहिलें. दफ्तरांत शिरलेल्या माणसास याचें नवल वाटूं नये. बखरकार शोभेचें लिहितो आणि कारकुनाची खर्चाची याद खरें सांगून जाते, हा आपला नित्याचाच अनुभव आहे.

पाठाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. सामान्य वाचकाच्या हातीं बहुधा संक्षिप्त आवृत्ति असते. संक्षेप करणारास कथेचा ओघ सांभाळावा लागतो, आणि ओघाबाहेरचें म्हणून जें गळतें तेंच पुष्कळदां आपल्या कामाचें असतें. यासाठीं संग्राहकांनीं मूळचे चार भाग मिळतील तेथून मिळवावे; तें न साधल्यास बाईंचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनीं संपादिलेली आवृत्ति जवळ ठेवावी. इंग्रजी भाषांतरेंही आहेत, त्यांत एक 1950 चें इंक्स्टरबाईंचें व एक 2017 चें शांता गोखले यांचें. परंतु ज्याला मराठी येतें त्यानें तिकडे वळूं नये, कारण या ग्रंथाचा प्राण घरगुती बोलण्यांत आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. लक्ष्मीबाईंच्या पूर्वीं मराठींत ख्रिस्ती लेखन नव्हतें असें नाहीं. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण 1616 सालीं गोमंतकांत छापलें गेलें. त्या शतकांतील छापील आवृत्त्यांची प्रत उरली नाहीं. पुराण जगलें तें हस्तलिखितांच्या जिवावर, आणि 1907 सालीं सालढाणा यांनीं मंगळुरास तें पुन्हां छापिलें. लंडनांतील मार्सडेन संग्रहांतल्या देवनागरी प्रतीची हकीकत आपल्यापैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. ओवीसंख्या अकरा हजारांच्या घरांत जाणाऱ्या त्या ग्रंथांत काना गांवच्या लग्नाचा प्रसंग आहे. मंडपांत द्राक्षारस संपतो, यजमानाची फजिती होण्याची वेळ येते, आणि आईच्या शब्दाखातर येशू पाण्याचा द्राक्षारस करितो. घरांतील आनंदाला देवाचा हात लागतो तो येथें. परंतु तें घर दूरच्या देशांतलें व दूरच्या काळांतलें. तें पुराण ऐकावयास बसलेल्या साष्टीच्या कुळंब्याच्या घरीं त्या रात्रीं काय शिजलें होतें, तें पुराणिक सांगत नाहीं. तें त्याचें कामही नव्हे.

पुढें अडीचशें वर्षांनीं, 1857 सालीं, बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' निघालें. त्यांत घरें पुष्कळ आहेत. पण प्रत्येक घर हा एक मुद्दा आहे. विधवेचें केशवपन, सासुरवास, अज्ञान, अन्याय; एकेका घराचें दार उघडून लेखक आंतील दुःख दाखवितो व पुढें चालूं लागतो. हेतु थोर होता, आणि त्या पुस्तकानें केलेल्या कामाबद्दल मराठी समाजानें त्याचे आभारच मानावे. तथापि वकिलाच्या कैफियतींत घरांतलें हंसणें येत नाहीं. त्यांचेंच 'अरुणोदय' हें आत्मचरित्र मला अधिक आवडतें. पण तेंही बाप्तिस्म्याच्या दिशेनें चालणारें आहे. नवें घर कसें थाटलें, पहिल्या नाताळास काय केलें, रविवारीं उपासनेहून परतल्यावर नवराबायको कशावरून भांडलीं, हें विचारण्याची त्या ग्रंथास सवड नाहीं. धर्मांतर हें या साऱ्या लेखनाचें शिखर आहे. शिखरावर पोंचल्यावर राहावयाचें कोठें, हा प्रश्न उरतोच.

लक्ष्मीबाईंच्या ग्रंथांत धर्मांतर मध्येंच येतें, आणि येथेंच त्याची खरी किंमत आहे. ग्रंथाचा आरंभ माहेरच्या सोंवळ्यानें होतो. वडिलांना शिवाशिवीचें जें वेड लागलें होतें त्यानें घरादारास जेरीस आणिलें होतें. त्या घरांतून अकराव्या वर्षीं ही मुलगी टिळकांच्या घरीं आली. नवरा कवि, लहरी, उदार, रागीट, आणि एका जागीं न ठरणारा. 1893 सालीं आगगाडींत एका गोऱ्या गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. बायकोस त्याची पूर्वकल्पना नव्हती. त्या आघातानंतरचीं वर्षें बाईंनीं माहेरच्या माणसांत काढिलीं. त्यांतील कांहीं काळ बहिणीच्या आश्रयानें पंढरपुरास, म्हणजे आमच्याच सोलापूर जिल्ह्यांत. विठोबाच्या गांवीं राहून ही बाई ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याच्या पत्रांची वाट पाहात होती, हें आम्हां सोलापूरकरांस सहसा ठाऊक नसतें.

पुढें बाई मुलाला घेऊन अहमदनगरास गेल्या. पण गेल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठीं नव्हे, नवऱ्यापाशीं राहण्यासाठीं. आपली चूल, आपलें पाणी, आपलें सोंवळें सांभाळून. टिळकांनीं बायकोच्या सोंवळ्याची सोय लावून दिली, हा या ग्रंथांतील मला सर्वांत मोलाचा प्रसंग वाटतो. नवा धर्म स्वीकारून त्यासाठीं आप्तस्वकीय सोडलेला मनुष्य, स्वतःच्या घरीं मात्र दुसऱ्या धर्माच्या घागरीस जागा करून देतो. धर्मशास्त्राच्या कोणत्या कलमानें हें केलें असें त्यास विचारिलें असतें तर त्यास सांगतां आलें नसतें. राहुरीच्या दिवसांत, जात देवानें केली कीं माणसानें, याचा विचार बाईंनीं आपला आपण केला, कोणी उपदेश न करितां, आणि एकदां निर्णय झाल्यावर जुन्या सोंवळ्याकडे वळून पाहिलें नाहीं. 1900 सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या स्त्रीच्या बापाच्या घरीं बाजारचा जिन्नसही धुतल्याशिवाय घरांत येत नसे, तिच्या घरीं पुढें अनाथ पोरें पंगतीस बसूं लागलीं.

आणि मग सुरू होतो तो संसार. पैसा हातीं ठरत नाहीं. नवऱ्याच्या हातीं तर मुळींच नाहीं. पोरकीं मुलें येतात, पाहुणे येतात, कवि येतात. बालकवि ठोमरे हा पोरसवदा कवि त्या घरांत मुलासारखा राहिला, आणि 1918 सालीं त्याच्या अपघाती मृत्यूनें तें घर हळहळलें. प्लेग येतो, तेव्हां बाई आजारी मुलांबरोबर छावणींत जाऊन राहातात. इतकें दारिद्र्य, इतकी धांवपळ, आणि तरीही ग्रंथ वाचतांना वाचक पानोपानीं हंसतो. हें हंसें कोठून येतें? बाई नवऱ्याच्या वेडेपणास हंसतात, आपल्या अज्ञानास हंसतात, भांडणास हंसतात. दोघांचीं भांडणें खरीं आहेत, त्यांतील राग खरा आहे, अबोला खरा आहे. आणि अबोला मोडल्यावरचें सुख त्याहून खरें आहे. 'आमचें कुटुंब प्रभुकृपेनें सुखी आहे' असें वाक्य मिशनच्या अहवालांत शेंकडों वेळां आलें असेल. तें वाचून कोणाचा विश्वास बसत नाहीं. बाई तसें वाक्य लिहीत नाहींत, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो.

माझें शिक्षण संस्कृत साहित्याचें झाल्यामुळें मला येथें भवभूति आठवतो. उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकाला 'चित्रदर्शन' असें नांव आहे. राम, सीता व लक्ष्मण आपल्याच आयुष्याचीं चित्रें पाहातात. वनवासांतील दुःखें आतां पाहतांना गोड वाटतात. आणि चित्रें पाहून होतात न होतात तोंच त्या दांपत्याचा वियोग ओढवतो. स्मृतिचित्रें हें नांव ठेवितांना बाईंच्या मनांत भवभूति असेल असें मी म्हणत नाहीं. परंतु चित्रांचा धर्म दोन्हीकडे तोच आहे. फरक इतकाच कीं, भवभूतीच्या अंकांत हंसूं फार थोडें. हास्य आणि करुण हे परस्परविरोधी रस होत असें आमचे आलंकारिक सांगतात, आणि चाळीस वर्षें मीही वर्गांत तेंच सांगत आलों. या ग्रंथानें तें मत माझ्यापुरतें ढिलें केलें. बाईंच्या एकाच परिच्छेदांत दोन्ही नांदतात, आणि एकानें दुसऱ्याचा घात होत नाहीं.

ग्रंथांतील ख्रिस्तीपणा कोठें आहे असा प्रश्न मला एका विद्वान् मित्रानें केला होता; त्याला त्यांत उपदेश पुरेसा सांपडला नाहीं. मला वाटतें, तो भाकरींत मीठ असतें तसा आहे. टिळकांनीं मराठी उपासनेसाठीं दोनशेंहून अधिक गीतें लिहिलीं, अभंगाची चाल देवळांत नेली, आणि त्या गीतांवर मराठी ख्रिस्ती घरें वाढलीं, हा इतिहास झाला. पण घरांतलें दैवत ओळखूं येतें तें कोणास दारांतून परत पाठविलें नाहीं यावरून. आश्वलायनादि गृह्यसूत्रकारांनीं विवाह, अन्नप्राशन, पाहुण्याचा मधुपर्क, नव्या घराची वास्तु यांस सूत्रांत बसविलें, कारण गृहस्थाचें रोजचें जिणें हेंच यज्ञकर्म अशी त्यांची धारणा होती. ती धारणा ज्यास पटते त्यास लक्ष्मीबाईंचा ग्रंथ परका वाटण्याचें कारण नाहीं.

याच लेखणीनें ख्रिस्तायनही पुरें केलें. टिळकांच्या हातून दहा-साडेदहा अध्याय होऊन तें महाकाव्य थांबलें होतें. पुढचे साठांवर अध्याय बाईंनीं रचिले, आणि ग्रंथ त्यांच्या पश्चात् निघाला. निष्ठा म्हणून तें कार्य असामान्य आहे. काव्य म्हणून मात्र मी तें स्मृतिचित्रांच्या शेजारीं ठेवणार नाहीं. ओवींत बाई देवाची कथा सांगतात, गद्यांत घरची. आणि माझ्या कानास देवाचें पाऊल दुसरीकडेच अधिक स्पष्ट ऐकूं येतें.

दोष न सांगतां साधनाची परीक्षा पुरी होत नाहीं. सन-तारखांविषयीं बाई बेफिकीर आहेत. कालक्रम लावणारानें 'ज्ञानोदय' पत्राचे जुने अंक हाताशीं ठेवूनच हा ग्रंथ वाचावा. उत्तरार्धांत प्रसंगांची गर्दी होते आणि चित्रें पातळ होतात. हे दोष किरकोळ होत. मोठा दोष ग्रंथाचा नव्हे, ग्रंथाच्या एकटेपणाचा आहे. नगर व सोलापूर या जिल्ह्यांतील ख्रिस्ती समाज मुख्यत्वें महार-मांग घरांतून झाला. 1876 ते 78 च्या व त्यानंतर 1899-1900 च्या दुष्काळांनीं देशोधडीस लागलेलीं, अनाथगृहांत वाढलेलीं मुलें पुढें शिक्षक झालीं, सुतार झालीं, परिचारिका झालीं, त्यांनीं घरें थाटिलीं. त्यांचा संसार बाईंच्या ग्रंथांत दिसतो तो बाजूनें. बाईंचें मन मोठें होतें, त्यांनीं त्यांतील किती तरी लेंकरें पोटाशीं धरिलीं. पण पाहाणारी दृष्टि सोंवळें सोडून आलेल्या ब्राह्मण घरच्या बाईची आहे, आणि ती आंतून पाहाण्याच्या जागीं नव्हती. ज्यांनीं कांहीं सोडलें त्यांचा आनंद एक; ज्यांना प्रथमच पाटीवर आपलें नांव लिहितां आलें, ज्यांच्या घरीं प्रथमच दोन पातळें व एक छापील पुस्तक आलें, त्यांचा आनंद दुसरा. पहिल्याचें साधन आपणांपाशीं आहे. दुसऱ्याचें कोठें आहे?

माझ्यापुरतें उत्तर मला ठाऊक आहे. तीसएक वर्षांपूर्वीं माझ्या शाळेंतील चित्रकलेचे एक वृद्ध शिक्षक वारले. तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. आजोबा दुष्काळांतील पोरके. घर रिकामें करावयाचें होतें. त्यांच्या पत्नीनें मला बोलावणें धाडिलें. मी जुने कागद पाहातों हें त्यांस ठाऊक होतें. पत्र्याची एक पेटी पुढें सरकवून त्या म्हणाल्या, "सर, यांत तुमच्या उपयोगाचें कांहीं आहे का, तेवढें पाहा. नाहीं तर वाण्याकडे जाईल." मी तासभर बसलों. मोडी होती का? नव्हती. शिक्का, मोर्तब, सनद? नाहीं. घरखर्चाच्या वह्या होत्या, बोर्डिंगांतून मुलींनीं लिहिलेलीं पत्रें होतीं, हातानें उतरून घेतलेलीं गाणीं होतीं व त्यांच्यावर चाली लिहिलेल्या होत्या. एका बायबलाच्या कोऱ्या पानांवर तीन पिढ्यांचे जन्म, लग्नें व मृत्यु निरनिराळ्या हस्ताक्षरांत नोंदले होते. बायबल तेवढें त्यांनीं ठेवून घेतलें. बाकीच्याविषयीं मी म्हणालों, "वहिनी, यांत ऐतिहासिक असें कांहीं नाहीं." त्या कांहीं बोलल्या नाहींत. चहा दिला. आठवड्यानें पेटी रिकामी झाली होती.

तेव्हां मीं स्मृतिचित्रांची संक्षिप्त प्रत वाचली होती, आणि ती मला आवडलीही होती. पूर्ण ग्रंथ हातीं आला तो सेवानिवृत्तीनंतर. दुसऱ्या भागाशीं येतां येतां ती पेटी डोळ्यांपुढें उभी राहिली. ज्यांचा संसार बाईंना आंतून पाहातां आला नाहीं त्यांनीं आपला संसार स्वतःच्या हातानें लिहून ठेविला होता, आणि शंभर वर्षें टिकलेला तो कागद एका संस्कृतज्ञाच्या एका वाक्यानें रद्दींत गेला. आपल्या मंडळाच्या सभासदांनीं आपापल्या गांवीं ख्रिस्ती कुटुंबांतील असे कागद, विशेषतः खर्चाच्या वह्या, गाण्यांच्या वह्या व बायबलांतील नोंदी, पाहून ठेवाव्या. मूळ कागद मागूं नयेत, घरच्यांची अनुज्ञा घेऊन छायाप्रत घ्यावी. हें काम राजदरबारच्या कागदांइतकेंच निकडीचें आहे. किंबहुना अधिक, कारण दरबारचा कागद कोणी वाण्यास घालीत नाहीं.

त्या पेटींतील एक पान मात्र माझ्यापाशीं आहे. ओवीच्या चालीवरचें नाताळाचें एक गाणें त्यावर आहे, आणि छंद तपासावा म्हणून मीं तें मागून घेतलें होतें. पुढें तें विसरलों. उत्तररामचरिताच्या प्रतींत खूण म्हणून राहिलें. वर्णन असें. कागद वहीचा, आंखींव, उजवा कोपरा फाटलेला. शाई निळी, आतां तपकिरी पडलेली. लिपि बाळबोध, वळण बाईमाणसाचें असावें. सन-तारीख नाहीं. गाणें पुढच्या बाजूस, आठ ओव्या, छंद दोन ठिकाणीं सैल. मागच्या बाजूस, जी मीं तेव्हां उलटूनही पाहिली नव्हती, नाताळाच्या फराळाची याद आहे: करंज्या, रव्याचे लाडू, शेवा, आणि कोणाच्या घरीं किती पाठवावयाचे त्याच्या सोळा ओळी. त्यांत आडनांवांवरून पाहातां ख्रिस्ती घरें नऊ, मुसलमानांचीं दोन, उरलेलीं पांच हिंदूंचीं. चवदाव्या ओळींतील नांव जाड रेघेनें खोडलें आहे. आणि सर्वांत खालीं, वेगळ्या शाईनें, तेंच नांव पुन्हां लिहून त्यापुढें इतरांच्या दुप्पट लाडू मांडले आहेत.